भिन्नजातीय स्थानिक जाळी आणि त्यांना जोडणाऱ्या राउटरचा विन्यास

दोन संगणकांत संभाषण घडून यावयाचे असेल, तर त्यांच्यामध्ये तार असणे पुरेसे नाही. तारेवरून जाणाऱ्या स्पंदांचा आरंभ कोठे आणि शेवट कोठे, त्यांतील कोणते स्पंद पत्त्याचे आणि कोणते मजकुराचे, बोलण्याची पाळी कोणाची, ऐकणाऱ्याने ऐकल्याची खूण द्यावी किंवा नाही, याविषयीचे संकेत उभयपक्षी मान्य असावे लागतात. हे संकेत १९७० नंतरच्या दोन दशकांत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आणि उद्योगसंस्थांनी स्वतंत्रपणे ठरविले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून इथरनेट जन्मास आले; डेटापॉइंट या संस्थेने १९७७ मध्ये आर्कनेट काढले; आयबीएमने टोकन रिंग १९८५ मध्ये बाजारात आणली; अ‍ॅपलने आपल्या यंत्रांसाठी लोकलटॉक योजिले. एकाच संस्थेच्या निरनिराळ्या विभागांनी निरनिराळ्या वेळी निरनिराळी जाळी विकत घेतली, आणि मग एके दिवशी ती एकमेकांशी जोडण्याची गरज उत्पन्न झाली. या गरजेतून जे प्रश्न निघाले ते वरवर पाहता यंत्रविद्येचे असले, तरी त्यांचे मर्म भाषांतराच्या प्रश्नाहून फारसे भिन्न नाही. जुन्या यंत्रांवर अडकून पडलेली संशोधनसामग्री ज्यांना आजही सोडवून घ्यावयाची आहे, त्यांना तर या प्रश्नांशी प्रत्यक्ष सामना द्यावा लागतो. आणि त्यात चूक झाली असता यंत्र ती बोलून दाखवीलच अशी शाश्वती नसते.

प्रथम या जाळ्यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. इथरनेटवरील संभाषण गावच्या पारावरील गप्पांसारखे असते. कोणी बोलत नाही असे पाहून ज्याने त्याने बोलावे; दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे आणि थोडा, परंतु सारखा नसलेला, वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करावा. टोकन रिंगमध्ये व्यवस्था सभेची आहे. टोकन नावाचा एक लहानसा संदेश वर्तुळात फिरत असतो. तो ज्याच्या हाती येईल त्यानेच बोलावयाचे. इथरनेटचा मानकातील मूळ वेग सेकंदाला १० दशलक्ष बिटे, टोकन रिंगचा ४ किंवा १६ दशलक्ष, आर्कनेटचा अडीच दशलक्ष, आणि लोकलटॉकचा अवघा २ लाख ३० हजार ४००. तथापि वेगातील आणि पाळीच्या नियमांतील ही तफावत जोडणीच्या मार्गातील मोठा अडथळा नव्हे. जोडणारे यंत्र संदेश पूर्ण ऐकून घेते, काही क्षण स्मरणात ठेवते आणि मग दुसऱ्या बाजूच्या रीतीने बोलून दाखविते. खरा अडथळा संदेशाच्या बांधणीत आहे.

कोणत्याही जाळ्यावरील संदेशाचे दोन थर कल्पिता येतात. आतील थर म्हणजे पत्र. यास पॅकेट म्हणतात. बाहेरील थर म्हणजे लिफाफा. यास फ्रेम म्हणतात. लिफाफ्यावर त्या जाळ्यापुरताच अर्थ असलेले पत्ते असतात, तर पत्राच्या शिरोभागी साऱ्या जाळ्यांना समान असे पत्ते असतात. दोन जाळी जोडण्याच्या दोन रीती या भेदातूनच संभवतात. ब्रिज हे यंत्र लिफाफा तेवढा बदलते व पत्रास हात लावीत नाही. राउटर लिफाफा फोडतो, पत्राचा शिरोभाग वाचतो, पत्र कोठे जावयाचे हे ठरवितो आणि नवा लिफाफा घालून ते पुढे धाडतो. पहिली रीत लिप्यंतराची, दुसरी भाषांतराच्या अधिक जवळची. लिप्यंतर सोपे आणि स्वस्त; म्हणून आरंभी ब्रिजचाच मोह पुष्कळांना पडला. तो मोह कोठे अंगाशी येतो हे पाहिल्यावाचून राउटरच्या विन्यासातील अनेक गोष्टींचे प्रयोजन कळत नाही.

मराठीत 'पंचवीस' म्हणताना एकक आधी आणि दशक मागाहून उच्चारले जाते. इंग्रजीत 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणताना क्रम उलटा असतो. लिहिताना मात्र दोन्ही भाषिक एकच संख्या लिहितात, आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची रीत ठाऊक असेल तर घोटाळा होत नाही. बाइट तारेवर घालताना जाळ्यांतही असाच भेद आहे. इथरनेट प्रत्येक बाइटातील सर्वांत कमी मोलाचे बिट प्रथम पाठविते. टोकन रिंग आणि एफडीडीआय सर्वांत अधिक मोलाचे बिट प्रथम पाठवितात. मजकुरापुरते पाहता यातून काही बिघडत नाही, कारण प्रत्येक बाजूचे यंत्र आपापल्या रीतीने ऐकते आणि बाइटाचे मूल्य तेच राहते. परंतु लिफाफ्यावरील पत्त्याची गोष्ट निराळी. ४८ बिटांचा हा पत्ता मानकाने संख्या म्हणून न ठरविता बिटांची ओळ म्हणून ठरविला आहे. ओळीतील पहिले बिट पत्ता एकाचा की समूहाचा हे सांगते, आणि ते दोन्ही जाळ्यांत पहिलेच उच्चारले जावे लागते. म्हणजे कोणी तरी 'पाच, दोन' असे सांगितले, आणि एका लेखनिकाने आपल्या सवयीने ते २५ असे, तर दुसऱ्याने ५२ असे उतरून घेतले, तशी ही अवस्था होते. श्रुती एक, लेखन दोन.

उदाहरणार्थ, षोडशमान पद्धतीने ००-००-०सी-१२-३४-५६ असा एक पत्ता इथरनेटच्या रीतीने लिहिलेला आहे असे मानू. पहिली तीन पदे निर्मात्याची असतात. ००-००-०सी हे चिन्ह सिस्को या संस्थेचे. हाच पत्ता टोकन रिंगच्या रीतीने उतरून घेतला तर प्रत्येक बाइटातील बिटे उलटी होऊन तो ००-००-३०-४८-२सी-६ए असा दिसतो. निर्माताही त्यात वेगळाच भासतो. ब्रिजला हे ठाऊक असते, आणि लिफाफ्यावरील पत्ते तो इमानाने उलटवितो. पण हेच पत्ते पुष्कळदा पत्राच्या पोटातही लिहिलेले असतात. 'अमुक आयपी पत्ता कोणाचा?' असा प्रश्न विचारणारा आणि 'तो माझा, माझा यंत्रपत्ता असा' असे उत्तर देणारा जो एआरपी नावाचा व्यवहार, त्याच्या मजकुरातच यंत्रपत्ता असतो. ब्रिज तेथपर्यंत पोहोचत नाही. मग इथरनेटवरील संगणक उत्तरातील उलटा पत्ता खरा मानून टिपून ठेवतो, आणि पुढील सारी पत्रे अस्तित्वात नसलेल्या यंत्राच्या नावे धाडीत बसतो. लिफाफ्यावरील मोडी पत्ता देवनागरीत उतरविला आणि आतील मजकूर मोडीतच राहिला, तर वाचणाऱ्यास निदान लिपी परकी असल्याचे कळते. येथे तेवढीही सोय नाही, कारण १६ चे ६१ झाले तरी ६१ हीदेखील एक सुरेख संख्याच असते.

काही ब्रिज एआरपीच्या मजकुरात डोकावून तेथील पत्तेही उलटवीत असत. परंतु असा उपाय प्रत्येक संवादपद्धतीसाठी वेगळा करावा लागतो, आणि ब्रिजला अपरिचित अशी एखादी पद्धत जाळ्यावर येताच तो निष्फळ ठरतो. एफडीडीआयच्या बाबतीत मानककर्त्यांनी पूर्वानुभवातून शहाणपण घेतलेले दिसते. १९९३ च्या आरएफसी १३९० या दस्तऐवजाने एफडीडीआयवरील एआरपी मजकुरात पत्ते इथरनेटच्याच लेखनरीतीने लिहावेत असे ठरविले. त्यामुळे तारेवरील क्रम भिन्न असूनही त्या दोन जाळ्यांतील हा घोटाळा टळला.

ब्रिजचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. टोकन रिंगवरील फ्रेम वर्तुळात फिरून पाठविणाऱ्याकडे परत येते, आणि परत येताना तिच्या शेपटीवर 'पत्ता ओळखला' आणि 'प्रत घेतली' अशा दोन खुणा घेऊन येते. इथरनेटच्या फ्रेममध्ये या खुणांना जागाच नाही. मग रिंगवरील संगणकाने इथरनेटवरील संगणकास पत्र धाडले असता या खुणा कोणी कराव्यात? ब्रिजने त्या केल्या तर पोच खोटी ठरते, कारण पत्र अद्याप मूळ धन्याला मिळालेले नसते. न केल्या तर पाठविणारा समजतो की त्या नावाचा कोणी नाहीच. एका भाषेत क्रियापदाचे जे रूप अपरिहार्य, ते दुसऱ्या भाषेत मुळातच नसावे, तेव्हा भाषांतरकाराची जी कुचंबणा होते तीच ही होय.

राउटर या दोन्ही संकटांतून मुक्त असतो, कारण तो मध्यस्थ असल्याचे सोंग करीत नाही. प्रत्येक जाळ्यावर तो स्वतःच्या नावाने वावरतो. रिंगवरील संगणक आपले पत्र राउटरच्या यंत्रपत्त्यावर धाडतो, राउटर ते स्वतः स्वीकारतो, आणि 'प्रत घेतली' ही खूण त्यामुळे खरी असते. एआरपीचा प्रश्न प्रत्येक बाजूस राउटरपाशीच संपतो. एका जाळ्याचा यंत्रपत्ता दुसऱ्या जाळ्यात कधी जातच नाही, म्हणून तो उलटविण्याचा प्रसंगही येत नाही. किंमत एवढीच की, राउटरला पत्राची भाषा यावी लागते. आयपी, आयपीएक्स, अ‍ॅपलटॉक अशा अनेक भाषा जाणणारा राउटर १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम येगर यांनी आणि एमआयटीत नोएल चिअप्पा यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला, तो त्या काळच्या भाषांसाठी. १९८४ मध्ये लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी सिस्को ही संस्था स्थापन केली, आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने आपल्या राउटरप्रणालीच्या वापराचा परवाना तिला दिला.

आता प्रत्यक्ष विन्यासाकडे वळू. सिस्कोचा २५१३ हा राउटर उदाहरणादाखल सोयीचा, कारण त्याला एक इथरनेटचे आणि एक टोकन रिंगचे मुख असते. इथरनेटच्या जाळ्यास १९२.१६८.१०.० आणि रिंगला १९२.१६८.२०.० असे क्रमांक दिले आहेत असे समजू. यंत्राला आज्ञा रोमन लिपीतच द्याव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार लिहिल्या आहेत :

इंटरफेस इथरनेट ०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
इंटरफेस टोकनरिंग ०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०
रिंग-स्पीड १६
मल्टिरिंग ऑल
नो शटडाउन

इथरनेटवरील प्रत्येक संगणकास १९२.१६८.१०.१ हा, आणि रिंगवरील प्रत्येकास १९२.१६८.२०.१ हा, 'बाहेरची पत्रे याच्याकडे द्यावीत' असा डिफॉल्ट गेटवे म्हणून सांगावा लागतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती विसरली जाते. आणि एकाच बाजूस सांगितली असता पत्र जाते, उत्तर मात्र येत नाही.

वरील आज्ञांपैकी रिंग-स्पीड ही सर्वांत धोक्याची होय. इथरनेटच्या मुखाचा विन्यास चुकला तर बहुधा ते एक मुख मुके राहते. ४ दशलक्ष बिटांच्या रिंगमध्ये १६ दशलक्षांच्या वेगाचे मुख शिरले, तर संपूर्ण रिंग कोलमडते. शेजारची स्थानके 'संकट, संकट' अशा अर्थाच्या बीकन फ्रेम सोडू लागतात आणि ते मुख बाजूला होईपर्यंत कोणाचेही काम चालत नाही. म्हणून तार जोडण्यापूर्वीच रिंगचा वेग दुसऱ्या एखाद्या स्थानकावरून खात्रीने जाणून घ्यावा आणि मगच आज्ञा द्यावी. अंदाजाला येथे स्थान नाही.

मल्टिरिंग या आज्ञेचे प्रयोजन थोडे विस्ताराने सांगावे लागेल. आयबीएमच्या पद्धतीत अनेक रिंगा आपसांत ब्रिजनी जोडलेल्या असतात, परंतु मार्ग शोधण्याचे काम ब्रिजचे नसून पाठविणाऱ्या संगणकाचे असते. तो प्रथम एक शोधफ्रेम सोडतो. ती वाटेत भेटलेल्या रिंगांची आणि ब्रिजांची नोंद घेत जाते. आणि मग तो संपूर्ण प्रवासमार्ग प्रत्येक फ्रेमवर लिहिला जातो. मार्ग लिहिला आहे हे दर्शविण्यासाठी जी खूण योजिली ती मोठी मार्मिक आहे. पत्त्यातील पहिले बिट समूहाचा पत्ता दर्शविते हे वर आलेच आहे. परंतु पाठविणारा समूह असू शकत नाही. म्हणून पाठविणाऱ्याच्या पत्त्यातील ते बिट नेहमी रिकामेच राही. या रिकाम्या जागेला 'पुढे मार्ग लिहिला आहे' असा नवा अर्थ देण्यात आला. भाषेतही निरुपयोगी झालेले रूप असे नव्या कामास लागते. राउटरला मल्टिरिंगची आज्ञा दिली नाही, तर तो हे मार्ग शोधीत नाही आणि टिपूनही ठेवीत नाही. परिणाम असा की, त्याच्या स्वतःच्या रिंगवरील संगणकांशी व्यवहार उत्तम चालतो आणि ब्रिजपलीकडील रिंगवरील संगणक जणू नाहीतच असे भासते. अशा वेळी दोष पलीकडील यंत्रांत शोधण्यात दिवस जातात. 'शो रिफ' या आज्ञेने राउटरची मार्गनोंद पाहिली, तर ती रिकामी आहे हे तत्काळ दिसून येते.

यानंतरचा प्रश्न लांबीचा. प्रत्येक जाळ्याच्या लिफाफ्यात मावणाऱ्या पत्राला मर्यादा असते. इथरनेटवर ती १५०० बाइट, एफडीडीआयवर ४३५२, ४ दशलक्ष बिटांच्या टोकन रिंगवर ४४६४, १६ दशलक्षांच्या रिंगवर १७,९१४ पर्यंत, आणि आर्कनेटवर जुन्या आयपी मानकाप्रमाणे अवघी ५०८. रिंगवरून ४४६४ बाइटांचे आयपी पॅकेट इथरनेटकडे निघाले, तर राउटरला त्याचे तुकडे करावे लागतात. पॅकेटचा शिरोभाग २० बाइटांचा, म्हणून मजकूर ४४४४. इथरनेटवरील प्रत्येक तुकड्यास स्वतःचा २० बाइटांचा शिरोभाग लागत असल्याने त्यात १४८० बाइट मजकूर मावतो. अशा तीन तुकड्यांत ४४४० बाइट संपतात, आणि उरलेल्या ४ बाइटांसाठी चौथे पॅकेट धाडावे लागते. इथरनेटची फ्रेम ६४ बाइटांहून लहान असू शकत नाही. त्यामुळे त्या ४ बाइटांना २० बाइटांचा शिरोभाग आणि २२ बाइटांचे निव्वळ भरताड सोबतीस द्यावे लागते. तुकडे पुन्हा जोडण्याचे काम वाटेत कोणी करीत नाही. ते अंतिम संगणकच करतो, आणि चारांपैकी एक तुकडा हरवला तरी सर्व टाकून देतो.

टीसीपीने संवाद करणारे संगणक आरंभीच आपापली मर्यादा एकमेकांस कळवितात. रिंगवरील संगणक ४४२४ म्हणतो, इथरनेटवरील १४६० म्हणतो, आणि कोणीही दुसऱ्याच्या मर्यादेबाहेर जात नाही. त्यामुळे रिंग आणि इथरनेट यांच्या सरळ जोडणीत हा प्रश्न बहुधा जाणवतच नाही. जाणवतो तो दोन रिंगांच्या मध्ये इथरनेट आले म्हणजे. दोन्ही टोके ४४२४ म्हणतात, मधल्याची अडचण दोघांसही ठाऊक नसते. यावर १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये उपाय सांगितला आहे : पाठविणाऱ्याने पॅकेटवर 'तुकडे करू नयेत' अशी खूण करावी, आणि मधल्या राउटरने ते मावत नसल्यास टाकून देऊन किती मावेल ते उलट कळवावे. उपाय उत्तम आहे. परंतु ही उलट टपाल वाटेतील एखाद्या पहारेकरी यंत्राने अडविली, तर लहान पत्रे पोहोचतात आणि मोठी निःशब्दपणे नाहीशी होतात. संपर्क तपासण्यासाठी धाडलेले लहान पिंग यशस्वी होते, फाइल मात्र पहिल्या काही बाइटांनंतर अडकते. हे लक्षण दिसले की लांबीचाच संशय घ्यावा. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे रिंगवरील साऱ्या यंत्रांची आयपी मर्यादा १५०० वर आणून ठेवणे. त्यात रिंगच्या थोरल्या लिफाफ्याचा लाभ जातो, पण गेलेले पत्र पोहोचते.

नॉव्हेलच्या आयपीएक्सची कथा निराळी. तेथे राउटर तुकडे करीतच नाही. न मावणारे पॅकेट टाकून देतो. म्हणून मध्ये राउटर दिसला की नेटवेअर पूर्वी ५७६ बाइटांच्या पुढे जात नसे. परंतु आयपीएक्सचा खरा उपद्रव नामसादृश्याचा आणि नामभेदाचा आहे. एकाच इथरनेटच्या तारेवर आयपीएक्सची पत्रे चार प्रकारच्या लिफाफ्यांतून जाऊ शकतात, आणि एका प्रकारचा लिफाफा वापरणाऱ्यास दुसरा प्रकार दिसतच नाही. नेटवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत रूढ असलेला प्रकार ३.१२ या आवृत्तीपासून बदलण्यात आला. त्यामुळे नवा सर्व्हर आणि जुने संगणक एकाच तारेवर असूनही परस्परांस अनोळखी राहिले. त्यात नावांची भर. नॉव्हेल ज्यास 'इथरनेट ८०२.३' म्हणते त्यास सिस्को 'नॉव्हेल-ईथर' म्हणते, नॉव्हेलचे '८०२.२' ते सिस्कोचे 'सॅप'. 'इथरनेट टू' ते 'आर्पा'. 'स्नॅप' तेवढा दोहोंकडे एकाच नावाचा. पर्यायी शब्दांची ही सारणी हाताशी न ठेवता राउटरवर आयपीएक्सचा विन्यास करू जाणे म्हणजे कोशावाचून परकी पोथी लावणे होय. दोन प्रकार एकाच तारेवर नांदावयाचे असल्यास त्यांना दोन स्वतंत्र जाल-क्रमांक द्यावे लागतात, आणि मग एकाच तारेवरील दोन संगणकांमधील पत्रदेखील राउटरकडे जाऊन परत त्याच तारेवर येते.

अ‍ॅपलटॉकविषयी थोडक्यात एवढेच की, तेथे संगणक आपला क्रमांक स्वतः निवडतो, पण जाळ्याचा क्रमांक आणि विभागाचे नाव त्याला राउटरकडूनच कळते. असे सांगणाऱ्या राउटरला सीड राउटर म्हणतात. एका जाळ्यावर दोन सीड राउटर असतील, तर त्यांचे सांगणे अक्षरशः जुळले पाहिजे. आर्कनेटचा पत्ता आठच बिटांचा असून तो कार्डावरील कळी फिरवून हाताने ठरवावा लागतो; दोन कार्डांवर तीच संख्या राहिली तर कोणताही राउटर तो तंटा सोडवू शकत नाही.

आजची स्थिती अशी की, या जुन्या पद्धती नव्या प्रणालींतून क्रमाने वगळल्या गेल्या आहेत. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅक ओएस १०.६ मधून अ‍ॅपलटॉक काढून टाकले. लिनक्सच्या गाभ्यातून टोकन रिंग २०१२ मध्ये आणि आयपीएक्स २०१८ मध्ये गेले. त्यामुळे जुन्या रिंगवरील यंत्रातून सामग्री काढावयाची तर नव्या संगणकात रिंगचे कार्ड बसवून पाहण्यापेक्षा २५१३ सारखा जुना राउटर मध्ये ठेवणे अधिक शक्य कोटीतले ठरते. मात्र त्याचे इथरनेटचे मुख पंधरा टाचण्यांचे असते, आणि आजच्या तारेशी त्याची गाठ घालण्यास एक लहान ट्रान्सीव्हर लागतो. हे मुख सेकंदाला १० दशलक्ष बिटांच्या वेगाने आणि एका वेळी एकाच दिशेने बोलते. ज्या स्विचला ते जोडावयाचे त्याचे मुख १० दशलक्षांना राजी आहे की नाही ते आधी पाहावे. काही नवे स्विच तितक्या खाली उतरत नाहीत. उतरत असेल तर त्यास अर्धद्विमार्गी पद्धतीवर ठेवावे. ते पूर्णद्विमार्गी राहिले तर जोडणी झाल्यासारखी दिसते, पण एक बाजू दुसरीच्या बोलण्यात सतत तोंड घालते, आणि राउटरवरील 'शो इंटरफेसेस' या आज्ञेच्या उत्तरात उशिराच्या टकरींचा आकडा मिनिटागणिक वाढताना दिसतो.